एकोणतीसमध्ये तीस कशाला?

खटाव तालुक्यात दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: "एकोणतीस लिहा म्हटलं की अर्धा वर्ग ३९ लिहितो, दोघं-तिघं ३१ लिहितात. या शब्दात तीस आलाच कशाला? त्यातलं 'एकोण' म्हणजे नक्की काय? आणि ते एकोण की एकूण?"

बाई, पोरं वेडी नाहीत. एकतीस, बत्तीस, पस्तीस या सगळ्यांत शेवटी 'तीस' ऐकू आला की दशकाच्या घरात ३ लिहायचा, हे तुम्हीच त्यांना शिकवलंय. त्यांनी इथंही तेच केलं. ३१ लिहिणाऱ्यानं 'एक' आणि 'तीस' धरले, मधला 'ओण' सोडून दिला. सगळी गोम त्या 'ओण'मध्ये आहे.

फोड अशी: एक + ऊन. हे ऊन उन्हाळ्यातलं नव्हे. संस्कृतात ऊन म्हणजे कमी. अ पुढं ऊ आला की ओ होतो, म्हणून एकोन; मराठीत न चा ण झाला. एकोनत्रिंशत् म्हणजे एकानं कमी असे तीस. हाच ऊन आपण उणे, उणीव, उणंदुणं यांत वापरतो, न्यूनगंडातही तोच बसलाय. थोडक्यात, ३० − १ ही वजाबाकी नावातच मांडून ठेवलीय, उत्तर पोरांनी काढायचं.

एकूण वेगळा, तो बेरजेचा. आपल्या भागात ण चा न होतो आणि 'येकुनतीस' ऐकू येतं, त्यामुळं घोळ होतो. लिहिताना एकोणतीसच.

हा हिशेब पुस्तकी आहे असं मात्र समजू नका. जतकडं आमच्या घरी कडबा मोजायचा तो पाचुंद्यानं. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. सहा पाचुंदे रचले आणि शेवटच्यात एक पेंढी कमी भरली, की आजी म्हणायची, "सा पाचुंदं, येक उनी." पाच पाचुंदे आणि वर चार पेंढ्या, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. भरत आलेल्या गठ्ठ्याला किती कमी पडतं, हेच माणूस आधी बघतो. आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण एकोणतीस तिनं मला न सांगता शिकवला.

याचं सख्खं भावंड तुमच्या वर्गात आधीच ठाऊक आहे: पाऊण. पाद म्हणजे पाव, पाद + ऊन = पादोन, त्याचं पाऊण आणि पावणे. पावणेतीनची एसटी पकडायची म्हटल्यावर तीन वाजून गेल्यावर स्टँडवर जायचं नसतं, हे बारक्या पोरालाही कळतं. तीन हा शब्द ऐकू आला तरी तीन अजून वाजलेले नाहीत. तसंच तीस ऐकू आला तरी तीस अजून भरलेले नाहीत. मी तर एकोण शिकवताना सुरुवात घड्याळापासून करीन.

काड्यांचे गठ्ठे घेऊन बसाल तेव्हाही दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या असं मांडू नका. दहा-दहाचे तीन गठ्ठे ठेवा आणि एका पोराला तिसऱ्यातली एक काडी उपसायला सांगा. काडी हातात असतानाच 'एकोणतीस' म्हणायला लावा. दोन दशक नऊ एकक त्यानंतर.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विनोदच जास्त झाले. अडचण खरी होती: आपण एकवीस म्हणताना एक आधी म्हणतो आणि लिहितो २ आधी. जतच्या कन्नड शाळेतल्या पोराला हा त्रास नाही. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंबत्तु म्हणजे नऊ, आणि एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु. म्हणायचं त्याच क्रमानं लिहायचं. माझं मत विचाराल तर 'वीस नऊ' कुबडीसारखं वापरा, जुनं नाव सोडू नका. बाजारात भाव एकोणतीसच सांगणार.

ही एकोण मंडळी एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत दर नवाला हजर असतात. हिंदी ८९ ला 'नवासी' म्हणून वाट सोडते, मराठी तिथंही एकोणनव्वद म्हणते. नव्याण्णवला मात्र आपणही बदलतो: तिथं नवनवति, म्हणजे नव्वद आणि नऊ, उघड बेरीज. म्हणून वर्गात कुणी 'एकोणशंभर' म्हणालं तर हसू नका, संस्कृतात एकोनशत चालतं. पोराला ओण कळलाय.