बाबांना खेळात रमवायचंय? इथून सुरुवात करा

भाऊ, स्ट्रोकनंतर बाबा घरात बसून कंटाळून राहिले म्हणता ना, तर आधी बघा पूर्वी त्यांना काय आवडायचं. कॅरम असेल तर कॅरमच, स्ट्रायकरला टिचकी मारताना बोटं, नजर, लक्ष सगळंच कामाला लागतं अन् समोर माणूस बसतो, मला तर तेच सगळ्यात मोठं वाटते.

सुरुवातीच्या चुका:
- पहिल्याच दिवशी तासभर बसवणं. १५ मिनिटं पुरे, थकायच्या आधी थांबा.
- त्यांचा शॉट आपण मारून देणं. आईच्या वेळी मी हेच केलं, तिनं खेळणंच सोडलं होतं. हात थरथरू द्या, वेळ लागू द्या.
- फिजिओथेरपी बंद करणं. दोन्ही सोबतच चालू ठेवा.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला न्यायचं तर मे महिन्यात उन्हामुळे सकाळी ७ च्या आतच. बाकी बारीकसारीक नंतर सांगतो.