तक्रार निनावी आहे, पण सर्टिफिकेटचं काय?

पत्र

«अकरा वर्षं एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मग अंबड एमआयडीसीत थोरल्या दिरांच्या प्लॉटवरचा गाळा भाड्याने घेऊन दोन सीएनसी मशीनवर जॉबवर्क सुरू केलं. आज सहा मशीन आहेत, चौदा माणसं आहेत. ज्या बुशच्या (पोकळ गोल सुट्या भागाच्या) ऑर्डरवर दिरांचं युनिट चालायचं ती रिजेक्शन वाढलं म्हणून कंपनीने काढली आणि आम्हाला दिली. यंदा बेस्ट व्हेंडरची ट्रॉफी मिळाली. मिस्टरांनी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळं बिनसलं. दीर बोलत नाहीत. ‘साहेबांबरोबर जेवायला जाऊन ऑर्डर मिळवली’ असं जाऊबाई नातेवाइकांत सांगत फिरतात. आता कंपनीला निनावी ई-मेल गेलाय की आम्ही हलकं मटेरियल वापरतो आणि खोटी टेस्ट सर्टिफिकेटं लावतो. नवीन ऑर्डर थांबली, तीन आठवड्यांनी ऑडिट आहे. पर्चेसचा माणूस म्हणतो, दोन टक्के ठेवा, मी सांभाळून घेतो. आमच्याकडून चुकलं असेल तर एवढंच : एकदा बारची हीट, म्हणजे पोलादाची भट्टीतली खेप, बदलली होती, मिलचं सर्टिफिकेट यायला उशीर होता, म्हणून मागच्या हीटचं लावून 1,200 नग पाठवले. नंतर आलेलं सर्टिफिकेट बरोबरच होतं, म्हणून काही बोललो नाही. सासूबाई म्हणतात ही करणी आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घे. मी दर वर्षी चैत्रात वणीच्या गडावर पायी जाते, कोणाचा रुपया बुडवला नाही. मग माझ्याच वाट्याला हे का? श्रद्धा उडत चालली आहे. दोन टक्के देऊन मोकळी होऊ का?»

— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

ताई, दोन टक्के देऊ नका. पण तुमच्या पत्रातली मुख्य गोष्ट ती नाही. «चुकलं असेल तर एवढंच» असं म्हणून तुम्ही जे वाक्य मध्येच ओझरतं लिहून गेलात, ती मुख्य गोष्ट आहे.

ई-मेल लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे, हे मानू. मटेरियलबद्दल त्याने लिहिलेलं खोटं आहे, तेही मानू. पण सर्टिफिकेटबद्दल त्याने लिहिलेलं 1,200 नगांपुरतं खरं आहे. मत्सराने बोलणारा माणूस सगळंच खोटं बोलतो, असं नसतं. उलट तो तुमच्याकडे इतका रोखून बघत असतो की तुम्हाला न दिसणारी फट त्याला दिसते. ती फट त्याच्या भीतीने बुजवू नका. मटेरियल बरोबर निघालं म्हणून कागदही बरोबर ठरत नाही. तुम्ही स्वतः इन्स्पेक्टर होतात. दुसऱ्या कोणा व्हेंडरने असं केलेलं पकडलं असतं तर शेरा काय मारला असता?

म्हणून ऑडिटची वाट बघू नका, आधी तुम्हीच सांगा. त्यासाठी हाताशी साधारण एक आठवडा आहे.

सुरुवात इनवर्ड रजिस्टरपासून करा. त्या नव्या हीटचे बार कोणत्या तारखेला आले, किती किलो आले, कोणत्या रूट कार्डवर (कामाच्या टप्प्यांच्या नोंदपत्रावर) कापले गेले आणि कोणत्या चलनाने गेले, ही साखळी एका कागदावर मांडा. नग 1,200 च होते की पुढच्या खेपेतही मिसळले, हे इथेच कळेल. वजनाचा हिशोब लावून बघा : आलेले किलो, वजा पाठवलेल्या नगांचं वजन, वजा बर (कातताना निघालेला चुरा) आणि तुकडे. हिशोब जुळला नाही तर तसंच लिहा, ओढूनताणून जुळवू नका. मग त्या हीटचे बारच्या टोकाचे तुकडे शिल्लक आहेत का ते शोधा. हीट नंबर पंच केलेला किंवा रंगाची खूण असलेला तुकडा मिळाला तर उत्तम. तो एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये स्पेक्ट्रो टेस्टला (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या चाचणीला) द्या. त्याला एक सपाट, घासलेलं तोंड लागतं, भोक पाडलेला पातळ बुश बऱ्याचदा चालत नाही. तुमचा पोलादाचा ग्रेड ईएन-8 असेल तर कार्बन साधारण 0.35 ते 0.45 टक्क्यांत यायला हवा. माइल्ड स्टील असेल तर तो 0.25 च्या खालीच दिसेल, म्हणजे ‘हलक्या मटेरियल’चा प्रश्न त्या हीटपुरता त्या एका रिपोर्टवर मिटतो. तुकडा मिळाला नाही तर कंपनीच्या स्टोअरमध्ये पडून असलेल्या नगांमधून नमुना घ्या, अशी विनंती करा. खूण नसलेला कुठलाही तुकडा ‘हाच तो’ म्हणून लॅबला पाठवण्याचा मोह होईल. तिथे मात्र तुमचं खरंच खोटं सर्टिफिकेट तयार होईल.

हे हातात आलं की मेल लिहा. क्वालिटी प्रमुखांना लिहा, पर्चेसला फक्त प्रत ठेवा. मजकूर अर्ध्या पानाचा : अमुक चलनाच्या अमुक नगांसोबत चुकीच्या हीटचं सर्टिफिकेट आमच्याकडून गेलं. कारण हे. मूळ सर्टिफिकेट आणि लॅबचा रिपोर्ट सोबत आहे. आमच्याकडचा, वाटेतला आणि तुमच्याकडचा साठा एवढा आहे. यापुढे सर्टिफिकेट आल्याशिवाय बारला हिरवा टॅग लागणार नाही आणि हिरव्या टॅगशिवाय बार कटिंगला जाणार नाही. निनावी ई-मेलचा उल्लेख नको, दिरांचा तर मुळीच नको. «आमच्या यशावर जळणाऱ्यांनी» अशी सुरुवात असलेला खुलासा वाचणाऱ्याच्या मनात संशयच पेरतो.

याची किंमत मोजावी लागेल. साठा अडकवून ठेवतील, शंभर टक्के तपासणी तुमच्या खर्चाने सांगतील, कदाचित डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येईल, रेटिंग खाली जाईल. ट्रॉफीच्या शेजारी हे शोभणार नाही, पण झेपण्यासारखं आहे. तेच ऑडिटरने शोधून काढलं तर मात्र तुमच्या आजवरच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर प्रश्नचिन्ह लागतं.

ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं भरायला बसू नका. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच वळणाने, आणि सगळी रीडिंगं 25.01, 25.01, 25.01 अशी. हे बघायला ऑडिटरला चष्माही लागत नाही. रोजची खरी रीडिंगं थोडी इकडेतिकडे होतातच. नोंद राहिली असेल तर रकाना मोकळा ठेवा आणि विचारलं की राहिली म्हणून सांगा. गेजचं (माप तपासायच्या साधनांचं) कॅलिब्रेशन मुदतीत आहे का बघा. मुदत संपलेलं प्लग गेज टेबलावरून उचलून लाल डब्यात ठेवा, कपाटामागे नको. आणि ऑपरेटरना पाठांतर करायला लावू नका. ‘नग बाद निघाला तर काय करतोस?’ या प्रश्नाला त्याने मशीनशेजारच्या लाल डब्याकडे बोट दाखवलं तरी पुरतं.

दोन मशीनवरून सहावर जाताना बहुतेक युनिटांत जे मागे राहतं तेही याच आठवड्यात तपासा, कारण पुढचा ई-मेल त्यावर येऊ शकतो. एमआयडीसीच्या प्लॉटवरचा गाळा भाड्याने द्यायला महामंडळाची परवानगी लागते. दिरांनी ती घेतली आहे का? तुमचा भाडेकरार नोंदणीकृत आहे का? विजेचा मंजूर भार अजून दोन मशीनचाच आहे का? दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होते, तुमच्याकडे चौदा आहेत. वापरलेलं तेल भंगारवाला नेत असेल तर ते थांबवा. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत रीसायकलरकडेच जायला हवं.

आता पर्चेसचा माणूस. तो काय सांभाळून घेणार आहे? मटेरियल बरोबर असेल तर त्याच्या मदतीची गरज नाही, आणि चुकीचं असेल तर ते त्याच्या हातात नाही. एकदा दिलेत की दोनाचे तीन होतील आणि ज्या अफवेने तुम्ही पोळला आहात तिला पुरावा मिळेल. त्याच्यावर चिडूही नका. «सर, द्यायची सूट असेल तर ती मी कोटेशनमध्ये कंपनीच्या नावाने देते, बाहेर काही जमणार नाही», एवढंच, शांतपणे. पुन्हा विषय निघाला तर भेट कंपनीच्या ऑफिसातच घ्या, सोबत तुमचा सुपरवायझर असू द्या आणि त्याच संध्याकाळी ‘आजच्या भेटीत या मुद्द्यांवर बोलणं झालं’ असा साधा मेल टाका. तुम्ही लिहून ठेवणाऱ्या आहात हे कळलं की मागणारे बऱ्याचदा गप्प होतात. लाचलुचपत विभागाचा 1064 हा नंबर सरकारी नोकरांसाठी आहे, खासगी कंपनीच्या माणसासाठी तो कामाचा नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कायद्याने तिला अंतर्गत तक्रारीची व्यवस्था ठेवावी लागते, आणि बऱ्याच कंपन्यांत ती व्हेंडरनाही खुली असते. ती वापरायची तर सर्टिफिकेटचा खुलासा करून झाल्यावर. आधी वापरलीत तर स्वतःचं झाकायला दुसऱ्याकडे बोट दाखवलं, असं दिसेल.

‘साहेबांबरोबर जेवायला’ या बोलण्याला उत्तर देऊ नका. बाईने धंदा वाढवला की आपल्याकडे हे वाक्य तयारच असतं. ते खोडायला तुम्ही ज्या ज्या घरी जाल, तिथे ते नव्याने पोहोचेल. कोणी लिहून पाठवलंच तर स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. घाणेरडा मजकूर असेल तर पोलिसांत जा, तिथे नात्याची भीड नको. नुसत्या कुजबुजीवर अब्रुनुकसानीचा खटला मात्र घालू नका. वर्षानुवर्षं तारखा आणि प्रत्येक तारखेला तेच वाक्य पुन्हा मोठ्याने. मिस्टरांनी घरच्या ग्रुपवर तुमची बाजू मांडायची नाही, हेही त्यांना आजच सांगा.

दिरांबद्दल थोडं वेगळं बोलते. ई-मेल त्यांनीच लिहिला याचा पुरावा तुमच्याकडे नाही. एवढंच माहीत आहे की त्यांच्या हातातली ऑर्डर गेली, ती धाकट्या भावाच्या बायकोकडे, त्यांच्याच गाळ्यात आली, आणि वर ट्रॉफीचा फोटो ग्रुपवर आला. त्यांचं दुखणं मत्सराचं असेल, पण नुकसानही खरं आहे. माफी मागायचं कारण नाही, ऑर्डर तुम्ही चोरलेली नाही. तरी ऑडिट आटोपल्यावर मिस्टरांनी एकट्याने त्यांच्याकडे जावं. विषय फक्त गाळ्याची परवानगी आणि करार. जुना हिशोब तिथे काढायचा नाही. त्यांच्या मशीन रिकाम्या असतील आणि तुमच्याकडे दुसऱ्या ग्राहकाचं जास्तीचं काम असेल तर रेट आणि रिजेक्शनची अट लेखी ठरवून ते द्यायला हरकत नाही. या बुशचं काम मात्र नाही. ग्राहकाच्या परवानगीशिवाय त्याचा नग बाहेर करून घेणं म्हणजे नवी लपवाछपवी. ते नाही म्हणाले तर नाही. नमस्कार आणि भाडं वेळच्या वेळी जात राहू दे, भाडं बँकेतूनच.

नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी आहे आणि तो पितरांच्या आणि नागहत्येच्या दोषासाठी करतात. ई-मेल थांबवण्यासाठी तो सांगितलेला नाही. सासूबाईंची श्रद्धा असेल तर ऑडिटनंतर कुटुंबाने ठरवावं, आत्ता तीन दिवस शॉपपासून लांब राहणं परवडणारं नाही. पण ‘करणी अमक्याने केली’ असं नाव घेऊन सांगणाऱ्याला घरात येऊ देऊ नका. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे, आणि त्याने दिरांचं नाव घेतलं तर घर कायमचं दुभंगेल.

श्रद्धेचं विचारलंत. ‘मी खरी वागते, गडावर पायी जाते, मग तू माझी ऑर्डर सांभाळ’ असा करार तुम्ही देवीशी मनातल्या मनात केला आहे, असं पत्रावरून वाटतं. डळमळतोय तो हा करार, आणि तो डळमळला तर बरंच. खरं वागण्याचं बक्षीस ऑर्डरच्या रूपात मिळतं असं मानलं की ऑर्डर अडकताच खरेपणावरचाही विश्वास उडतो, मग दोन टक्के सहज वाटायला लागतात. तुमच्या प्रश्नांचा क्रमही तसाच आहे. चैत्रात गडावर जरूर जा. फक्त दिरांचं वाईट होवो असं मागू नका, ‘मला निर्दोष ठरव’ हेही नको. त्या 1,200 नगांबद्दल लिहायची हिंमत मागा. ती यात्रेआधीच लागणार आहे, म्हणून आज घरच्या देव्हाऱ्यापुढेच मागा.

आणि हे सगळं करूनही ऑर्डर जाऊ शकते. एकाच ग्राहकावर किती टक्के काम आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. निम्म्याहून जास्त असेल तर नवा ग्राहक शोधायला ऑडिटच्या निकालाची वाट बघू नका. मशीनचे हप्ते चालू असतील तर पुढच्या तीन महिन्यांची येणी-देणी मांडून बँकेच्या मॅनेजरना हप्ता चुकायच्या आत भेटा. 90 दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं आणि त्यानंतर बोलण्याला वाव फारसा उरत नाही. थांबलेल्या ऑर्डरच्या नावाखाली जुनी बिलंही अडकवली तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) कामाला येते. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने तुमचे पैसे 45 दिवसांच्या पलीकडे अडवता येत नाहीत, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. मात्र त्या 1,200 नगांचं बिल या दाव्यात घालू नका, त्याचा निकाल आधी क्वालिटीला देऊ द्या.

चौदा माणसांना हे बाहेरून कळण्याआधी तुम्हीच सांगा. शिफ्ट बदलताना पाच मिनिटं पुरतात : सर्टिफिकेटची चूक आपली होती, आपण कळवली आहे, पगार ठरल्या तारखेला होईल. पगाराचं वाक्य खात्री असेल तरच बोला.