‘टीबी पुन्हा उलटली ना माही?’

टीबीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, डॉक्टरांनी ‘बरे झालात’ म्हणून सांगितलं, आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा खोकला, पुन्हा बेडका. तपासलं तर थुंकीत पुन्हा जंतू. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे, तिथे ही काळजी घेऊन येणारी माणसं नेहमी भेटतात. टीबी उलटली का, घरच्यांना लागेल का, आता बरं होणार की नाही, एवढंच त्यांना विचारायचं असतं. त्यातल्याच एका मावशींची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशींचं वय 52, वजन 37 किलो. टीबी दोनदा होऊन गेलेली. दोन्ही वेळा औषध पूर्ण केलेलं, दुसऱ्या वेळी तर माझ्याच टेबलावर नोंद होती. आता एका खासगी दवाखान्यात एक्स-रे बघून तिसऱ्यांदा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चार महिने झाले तरी फरक नव्हता. सकाळी उठल्यावर वाटीभर बेडका पडायचा, संध्याकाळी कणकण यायची. घरात त्यांचं ताट-गिलास वेगळं झालं होतं, खाट ओसरीत गेली होती, दोन वर्षांच्या नातवाला जवळ घेणं बंद झालं होतं. धाकट्या मुलीची सोयरीक जुळत होती, म्हणून शेजारीपाजारी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगा खुर्चीवर बसला. मावशी पदर तोंडाला लावून दारातच उभ्या राहिल्या.

“म्या इथूनच बोलते, ताई. खरं सांगजा, टीबी पुन्हा उलटली ना माही? बहिणीच्या मातीले गेली तवा दोन दिस गोळ्या चुकल्या व्हत्या. त्याच्यानंच झालं ना हे?”

सहा वर्षं ती बाई हे मनात धरून होती. आजाराबद्दल काही सांगण्याआधी मी त्यांना आत बोलावलं, खिडकी उघडली आणि बसायला लावलं. मग दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. थुंकी काचेवर पसरून, रंग देऊन पाहिली होती, त्यात जंतू दिसले होते. सीबीनॅट मशीनचा रिपोर्ट मात्र म्हणत होता, टीबीचा जंतू सापडला नाही.

“एक म्हणते हाय, एक म्हणते नाई,” मुलगा म्हणाला. “खोटा कोनता?”

दोन्ही खरे होते. काचेवरच्या तपासणीत जंतूचं फक्त आडनाव कळतं. गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात, त्यातलं कोणतं, हे आडनावावरून सांगता येत नाही. टीबीचा जंतू मायकोबॅक्टेरिया कुळातला, आणि त्या कुळात दीडशेहून अधिक भाऊबंद आहेत. तो रंग त्या सगळ्यांवर सारखाच चढतो. सीबीनॅट फक्त टीबीवाल्याला नावानिशी ओळखते. काचेवर जंतू भरपूर आणि मशीनमध्ये टीबी नाही, असं झालं की त्या भाऊबंदांचा संशय घ्यावा लागतो. डॉक्टर त्यांना एनटीएम म्हणतात, म्हणजे टीबीखेरीजचे मायकोबॅक्टेरिया. ते मातीत, पाण्यात, सगळीकडे राहतात. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाहीत. पण टीबी बरी होताना फुप्फुसात व्रण राहतात, काही श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या होतात, त्यांत कफ साचतो. वाहत्या नाल्याला डोह पडला की त्यात शेवाळ धरतं, तसं तिथे या जंतूंना घर मिळतं.

“मंग माह्या दोन दिसानं नाई झालं?”

“नाही, मावशी.”

त्यांनी पदर तोंडावरून डोळ्यांना लावला.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. दुसरा कोर्स संपला तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, ‘आता संपलं सगळं.’ जंतू संपले होते, पण फुप्फुस जखमी होतं, आणि खोकला महिनोन्‌महिने राहिला तर परत या, हे मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कोर्स संपणाऱ्या प्रत्येकाला ते सांगते.

टीबीच्या गोळ्या आमच्या डॉक्टरांनी विचार करून थांबवल्या. कुणीही आपल्या मनाने थांबवू नयेत. सीटी स्कॅनसाठी मायलेक सेवाग्रामला जाऊन आले. थुंकीचे नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, नागपूरला गेले. त्याला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. शिवाय एकच नमुना पुरत नाही. हे जंतू पाण्यातही असल्यामुळे एखाद्या वेळी नुसते वाटेतून नमुन्यात येतात. म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या दोन नमुन्यांत एकच जात वाढली, सीटीत खुणा दिसल्या आणि त्रासही तसाच असला, तरच आजार पक्का धरतात. मावशींना सांगितलं, उकळून थंड केलेल्या पाण्याने चूळ भरा, आणि छातीतून आलेला बेडकाच डबीत द्या, लाळ नको.

थांबण्याचा तो काळ सगळ्यांत कठीण गेला. मुलगा दर आठवड्याला येऊन विचारायचा, “आला का जी रिपोर्ट?” त्याला वाटायचं औषध बंद आहे म्हणजे आई हातची जातेय. मला वाटतं, समुपदेशकाचं खरं काम या आठवड्यांतच असतं, कारण निदान कळल्यावर बोलायला डॉक्टर असतात. आम्ही मावशींना कफ काढायचा व्यायाम शिकवला: सकाळी बसून सावकाश खोल श्वास घ्यायचे, मग आरशावर वाफ सोडावी तसं तोंड उघडून ‘हाऽ’ करत जोराने हवा सोडायची. चुलीपुढे बसणं सुनेने आपल्याकडे घेतलं, कारण पऱ्हाट्यांचा धूर मावशींना सोसत नव्हता. नंतर घरात गॅस आला, तेव्हा तिचीही सुटका झाली. जेवणात रोज अंडं आणि तुरीचं घट्ट वरण आलं. वजन जितकं कमी, तितका हा आजार जड जातो.

ताट-गिलासाचंही बोललो. टीबीसुद्धा ताटाने लागत नाही, हवेतून लागते. आणि हे भाऊबंद सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागतच नाहीत. तरी रिपोर्ट येईपर्यंत तोंडावर रुमाल धरा, असं सांगितलं.

दोन्ही नमुन्यांत एकच नाव निघालं: मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे. टीबीच्या नेहमीच्या औषधांनी हा नीट जात नाही. तिथे अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन अशी तीन औषधं एकत्र लागतात. फुप्फुसात पोकळी असेल तर रोज, मावशींसारखी पोकळी नसेल तर आठवड्यातून तीनदा. थुंकी स्वच्छ झाल्यावर पुढे पूर्ण एक वर्ष, म्हणजे सगळे मिळून दीड वर्ष सहज.

खोकला आला की मेडिकलमधून तीन गोळ्यांची अझीची पट्टी आणायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. या जंतूवरचं मुख्य औषध तेच. ते वरचेवर किंवा महिनोन्‌महिने एकटंच घेत राहिलं तर जंतू त्याला दाद देत नाही, आणि मग आजार फार अवघड होतो. मुलाला हे मी तीनदा सांगितलं. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल-हिरवा रंग ओळखण्यात गोंधळ होतो. मावशींनी त्याची तपासणी घरीच बसवली: दर सोमवारी एक लाल मिरची, एक हिरवी, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. डॉक्टरांकडची डोळ्यांची तपासणी वेगळी होतच होती.

मग तो प्रश्न आला. “हे जाईन का राहीन?”

‘होईल हो बरं’ म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, “मावशी, हा जंतू औषधाला दाद देणारा आहे. नीट औषध घेतलेल्या दहा जणांत साधारण सहा-सात जणांची थुंकी स्वच्छ होते. पण फुप्फुसातला डोह राहणार, आणि मातीत-पाण्यात हे जंतूही राहणार. त्यामुळे काही जणांना काही वर्षांनी पुन्हा होतं, पुष्कळदा तो नवाच जंतू असतो. खोकला कमी होईल, पार जाईलच असं मी म्हणणार नाही.” याच कुळातल्या अ‍ॅबसेसस नावाच्या जंतूला महिनोन्‌महिने इंजेक्शनं देऊनही हटवणं जड जातं, तर कान्सासी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. म्हणून तर नावासाठी सहा आठवडे थांबायचं.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे मरत नाई मी लगेच.”

पहिले दोन महिने मळमळ इतकी होती की त्या दोनदा गोळ्या सोडायला निघाल्या. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, निभावलं. सहाव्या महिन्यात थुंकी स्वच्छ आली. वजन 42 झालं. मुलीच्या सासरी लग्नाआधीच मुलाने स्वतः जाऊन सगळं सांगितलं, रिपोर्टचे कागद दाखवले. लग्न झालं.

औषध थांबून आता वर्ष होत आलंय. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, रोगराई गावाबाहेर न्यायची म्हणून काढतात त्या मारबतीच्या पुतळ्यामागे गावातली पोरं ‘ईडा पीडा, खोकला खासी घेऊन जा गे मारबत’ ओरडत गेली, तेव्हा मावशी नातवाला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या, असं आशाताईने सांगितलं. सकाळचा कफ अजून पडतो, पण थोडा. ‘हाऽ’चा व्यायाम चालू आहे.

मागच्या आठवड्यात त्या थुंकीची डबी द्यायला आल्या. थोडा खोकला वाढलाय म्हणाल्या. मी तारीख लिहून दिली, कल्चरला सहा आठवडे लागतील म्हटलं.

“माह्यित हाय ना ताई,” त्या डबीचं झाकण घट्ट करत म्हणाल्या. “तवरी आमची कापसाची वेचणी होते.”