वाचकांचे प्रश्न : परदेशातील वनस्पतिउद्याने आणि मुले

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, सहा आणि अकरा वर्षांची आमची मुले आणि माझ्या सासूबाई असे पाच जण सिंगापूरला जात आहोत. एक दिवस मोकळा आहे. मला तेथील वनस्पतिउद्यान पाहायचे आहे. घरातल्यांचे म्हणणे असे की, झाडे आपल्याकडेही आहेत, मुले कंटाळतील, त्यापेक्षा तो दिवस आणखी एखाद्या थीम पार्कला द्यावा. मुलांसह हे उद्यान कसे पाहावे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : उद्यान अवश्य पाहावे, मात्र त्याला पूर्ण दिवस देऊ नये, सकाळचे तीन-साडेतीन तास पुरेत. मुले झाडांना कंटाळत नाहीत. मोठी माणसे एकामागून एक पाट्या वाचत, फोटो काढत त्यांना उन्हातून पुढे नेत राहतात, त्याला ती कंटाळतात.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमांत ‘गार्डन्स बाय द बे’ असते आणि अनेकांना तेच वनस्पतिउद्यान वाटते. ते २०१२ मध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभे राहिले. तेथील झाडाच्या आकाराचे पोलादी मनोरे, म्हणजे ‘सुपरट्री’, आणि काचेच्या थंड वनस्पतिगृहांतली धबधब्याची टेकडी मुलांना आवडते आणि ते संध्याकाळी पाहण्यासारखेच आहे. आपण म्हणता ते ‘सिंगापूर बोटॅनिक गार्डन्स’ १८५९ मध्ये स्थापन झाले, सुमारे ८२ हेक्टरांवर पसरले आहे आणि २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ते पहाटे पाच ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते आणि ऑर्किड उद्यान वगळता प्रवेश विनामूल्य आहे. पाच जणांच्या थीम पार्कच्या तिकिटांचा हिशेब मांडला, तर घरातील निम्मा विरोध तेथेच मावळेल.

उद्यान उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी मेट्रो स्थानके आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवली तर पायपीट निम्मी वाचते. दक्षिणेकडे नेपियर स्थानकावर उतरून टँगलिन प्रवेशद्वाराने सकाळी साडेसातच्या सुमारास आत जावे आणि उत्तरेकडे चालत बोटॅनिक गार्डन्स स्थानकाशी बाहेर पडावे. मुलांचे खास उद्यान याच उत्तर टोकाला आहे. ते शेवटी ठेवण्याचे कारण सरळ आहे: तेथे पाण्याचे खेळ, झाडावरचे घर आणि झुलता पूल आहे, आणि एकदा आत गेलेली मुले दुसरे काही पाहायला बाहेर येत नाहीत. हे जेकब बॅलास बालोद्यान २००७ मध्ये सुरू झाले, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि मोठ्यांना मुलांसोबतच आत सोडतात. ते सोमवारी बंद असते, म्हणून आपला मोकळा दिवस सोमवार असेल, तर कार्यक्रमात अदलाबदल करून घ्यावी. सासूबाईंना एवढे चालणे झेपणार नसेल, तर त्यांनी टॅक्सीने नासिम प्रवेशद्वाराशी यावे. ऑर्किड उद्यान तेथून अगदी जवळ आहे.

वाटेत सगळे पाहण्याचा हट्ट सोडून तीन-चारच झाडे निवडावीत आणि त्यांच्यापाशी मनसोक्त थांबावे. पहिले झाड टेंबुसूचे. निघण्यापूर्वी पाच डॉलरची नोट मुलांच्या हाती द्यावी. तिच्या मागच्या बाजूला जे झाड छापले आहे, ते याच उद्यानातील टेंबुसू आहे. जमिनीला समांतर गेलेल्या त्याच्या जाड फांदीवरून ते मुलांनाच ओळखू द्यावे. पुढे ऑर्किड उद्यानाशेजारी सुमारे सहा हेक्टरांचा मूळ वर्षावनाचा तुकडा आहे. तो उद्यानापेक्षाही जुना आहे. सहा वर्षांच्या मुलाला इतिहास सांगण्याऐवजी तेथे दोन मिनिटे गप्प उभे राहून आवाज मोजायला सांगावे. उद्यानात घोरपडी आणि रानकोंबडे मोकळे फिरतात; त्यांच्या जवळ जाऊ नये आणि त्यांना खायला घालू नये, एवढे आधीच बजावून ठेवावे.

अकरा वर्षांच्या मुलासाठी मात्र खरी गोष्ट रबराची आहे, आणि ती मला या उद्यानातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मूळ ब्राझीलच्या या झाडाची २२ रोपे लंडनच्या क्यू उद्यानातून १८७७ मध्ये सिंगापूरला आली. खोडावर घाव घालून चीक काढला की झाड खंगत असे. १८८८ मध्ये उद्यानाचे प्रमुख झालेल्या हेन्री रिडली यांनी साल अगदी पातळ, तिरकी तासून, रोज तीच खाच थोडी पुढे नेत, झाड न मारता वर्षानुवर्षे चीक मिळवण्याची पद्धत बसवली आणि मळेवाल्यांनी रबर लावावे म्हणून त्यांच्यामागे लकडा लावला. पुढे मोटारी आल्या, टायरांना रबर लागले आणि मलायाचा चेहरामोहरा बदलला. आपल्या दोडामार्गच्या रबर बागांतही खोडावर तशीच तिरकी खाच आणि खाली वाटी दिसते. कोकणात जाणे होत असेल, तर मुलांना ती आधी दाखवून ठेवावी. सिंगापुरातली गोष्ट त्यांना लगेच उमगेल.

ऑर्किड उद्यान साडेआठला उघडते. नुसती फुले पाहून मुले पंधरा मिनिटांत पुढे पळतील, म्हणून त्यांना आधी एवढे सांगावे की, ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अंकुरासाठी साठवलेले अन्नच नसते आणि निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. या उद्यानात १९२८ पासून एरिक हॉल्टम यांनी काचेच्या बाटलीत साखरयुक्त खाद्यावर ऑर्किडची रोपे वाढवण्याचे काम सुरू केले, आणि आज तेथे दिसणारे असंख्य संकर त्या कामाचे फळ आहे. सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ‘व्हँडा मिस जोआकिम’ हाही एक संकरच आहे.

दिवाळीच्या सुमारास तेथे दुपारनंतर विजांसह जोराचा पाऊस येतो, म्हणून अकरा-साडेअकरापर्यंत बालोद्यानही आटोपावे आणि विजा चमकू लागल्या, तर झाडाखाली न थांबता निवाऱ्यात जावे. मुलांसाठी कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि डासांचे मलम बरोबर असू द्यावे. निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी ठाण्याहून भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन तेथील गोरखचिंच आणि कैलासपती मुलांना दाखवलेत, तर फारच उत्तम. पेंग्विनच्या रांगेत न जाता केवळ झाडांसाठी ती बाग पाहणारे थोडेच असतात.

प्रश्न : आम्ही चार वर्षांच्या मुलीसह मॉरिशसला जात आहोत. पँपलमूस येथील उद्यान इतक्या लहान मुलीसाठी योग्य आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : योग्य आहे, आणि तिच्यासाठी एकाच तळ्यासाठी गेलात तरी चालेल. व्हिक्टोरिया जातीच्या महाकाय कमळांची परातीसारखी, काठ वर वळलेली पाने तेथे पाण्यावर पसरलेली असतात. अशा पानाचा व्यास दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. पान वरून गुळगुळीत दिसले, तरी खालून जाड शिरांचे आणि काट्यांचे असते, आणि त्या शिरांच्या जाळ्यामुळेच त्याला वजन पेलते. फूल पहिल्या रात्री पांढरे उमलते आणि दुसऱ्या रात्री गुलाबी होते. तळ्याला मुलीचा हात धरूनच जावे. तेथील महाकाय कासवे तिला आवडतील. तालीपॉट ताडाची गोष्ट, म्हणजे अनेक दशके वाढून आयुष्यात एकदाच फुलणे आणि मग मरून जाणे, ही मोठ्यांनी ऐकावी. फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र यांनी १७७० च्या सुमारास हे उद्यान वाढवले ते लवंग आणि जायफळ यांसाठी, डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडण्याकरिता. घरच्या मसाल्याच्या डब्यातली लवंग मुलीला हुंगायला देऊन निघालात, तर एवढा इतिहास तिच्या वयाला पुरेसा आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे. वाटेत त्यांच्यापैकी कोणी भेटल्यास मुलीशी अवश्य बोलू द्यावे.

प्रश्न : परदेशी उद्यानांतून बिया किंवा ऑर्किडचे रोप आणता येते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सहज म्हणून आणू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बिया, रोपे, कंद भारतात आणण्यासाठी आयात परवाना आणि ज्या देशातून आणायचे तेथील वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिवाय जंगली ऑर्किडांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानेही नियंत्रित आहे. हा नियम जाचक वाटत असेल, तर पुण्याकडच्या पपई बागायतदारांना विचारावे. परदेशातून आलेला पपईवरील पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी कीड) २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळला, २०१० पर्यंत पुण्यात पोहोचला, आणि तो आवरायला प्वेर्तो रिकोहून त्याचा परजीवी कीटक मागवावा लागला. सिंगापूरच्या उद्यानात तर खाली पडलेले फळ किंवा बी उचलणेही परवानगीशिवाय चालत नाही. मुले नकळत काहीतरी खिशात टाकतात, म्हणून फाटकातून बाहेर पडतानाच त्यांचे खिसे आणि बुटांचे तळ पाहून घ्यावेत.