मदत मागितली, पण उलट प्रश्नच आला!

प्रश्न: मी लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरतो. त्यातल्या रायटरमधली (वर्डसारखा लिहायचा प्रोग्रॅम) एक मोठी फाईल पीडीएफ करायला गेलो की प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो. त्यांच्या कम्युनिटीत विचारलं, "पीडीएफ होत नाहीये, अर्जंट आहे, प्लीज हेल्प". दोन-तीन दिवस कोणी ढुंकूनही बघितलं नाही, मग एकाने विचारलं, "व्हर्जन कोणतं?" बस. फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वालीच नसतो का?

उत्तर: असतो की! व्हर्जन विचारणारा तोच तर होता, आणि त्याला तुम्ही उत्तर दिलंत का ते काही लिहिलं नाहीये. तिकडे मदत करणारे बहुतेक जण आपलं कामधाम सांभाळून येतात, त्यामुळे "अर्जंट" वाचून कोणी पळत येत नाही. त्यांना तुमचा प्रॉब्लेम आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर घडवून बघायचा असतो, आणि "होत नाहीये" एवढ्यावरून काय घडवणार?

हेल्प मेन्यूत अबाउट लिबरऑफिस उघडा, तिथे व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे सगळं एका बटणावर कॉपी होतं, ते जसंच्या तसं पेस्ट करा. मग त्याच मेन्यूतून 'रीस्टार्ट इन सेफ मोड' करून बघा. यात तुमची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन (वरून जोडलेल्या जादा सोयी) तात्पुरती बाजूला राहतात, म्हणजे तिथे पीडीएफ नीट झाली तर घोळ बहुतेक फाईलमध्ये नाही, सेटिंग्ज किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे. तिथेही बंद पडलं तर फाईलची कॉपी घ्या, अर्धी पानं उडवा, पुन्हा पीडीएफ करा. झाली? मग गडबड उडवलेल्या अर्ध्यात. नाही झाली तर उरलेल्याचं परत अर्धं करा. असं करत करत एखादं टेबल नाहीतर चित्र हाती लागतं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एका पानाची फाईल घेऊन आलेल्या माणसाला मदत करायला लोक तयार असतात, दोनशे पानांच्या फाईलला हात कोण लावणार.

मग बगझिलावर, म्हणजे लिबरऑफिसमधले बग (प्रोग्रॅममधल्या चुका) नोंदवायच्या साइटवर, आधी शोधा, तोच बग कोणी नोंदवलेला असेल तर त्यातच आपली माहिती घाला, नवीन उघडू नका. एखाद्या डेव्हलपरला पर्सनल ईमेल तर अजिबात नको, लोक वैतागतात.

ऑफिसचं काम खरंच अडलं असेल तर पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या कंपन्याही आहेत. लिबरऑफिस चालवणारं डॉक्युमेंट फाउंडेशन स्वतः तो धंदा करत नाही, आणि लायसन्समध्ये वॉरंटी नाही हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा तिकडे हक्काने भांडून उपयोग नाही.

आणि हो, बगला जोडलेली फाईल कोणीही उघडून बघू शकतं, त्यामुळे नावं, फोन नंबर, हिशोब काढून टाका आणि मगच अपलोड करा.