किनाऱ्यावर पडलेली इंजेक्शनची सुई उचलावी का आणि टाकावी कुठे?

उचलावी, मात्र बोटांनी नव्हे. मिरामारच्या वाळूत सुई दिसली आणि आपण ती तशीच सोडून आलात, असे आपण लिहिले आहे. पण आपल्यामागून त्याच वाळूत मुले अनवाणी धावतात. घट्ट झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली हातात न धरता जमिनीवर ठेवावी, चिमट्याने सिरिंज मधोमध धरावी आणि टोक खाली करून आत सोडावी. सुईवर तिचे टोपण परत बसवू नये, सुई मोडूही नये.

‘ही नशेबाजांचीच कामे’ हे आपले वाक्य मात्र मला खटकले. मी पणजीत परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आमच्या सोसायटीत कचरा गोळा करणाऱ्या मुलीच्या तळहातात पिशवीतून सुई घुसली, तेव्हा आमचे सचिवही हेच म्हणाले होते. मी तिचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरला (जखम पिळू नये, तोंडात तर मुळीच घालू नये) आणि मग पिशवी ओतून चिमट्याने चाळली. केळ्याच्या सालींत हिरव्या प्लास्टिकच्या बुडाची नखाएवढी सुई होती, इन्सुलिनच्या पेनावर फिरवून बसवतात ती. ती आमच्याच जिन्यावरून खाली आली होती. सचिवांना हे आजही मान्य नाही. मुलीला मी लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) नेले, कारण एचआयव्ही टाळण्याची औषधे गरज असल्यास शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस चालू ठेवावी लागतात.

वापरलेल्या घरगुती सुया २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात घातल्या. त्यामुळे बाटली बंद करून, तिच्यावर ‘सुया’ असे ठळक लिहून पालिकेच्या कामगाराला सांगून वेगळी द्यावी. सुक्या कचऱ्यात टाकू नये, कारण तो पुढे माणसेच हातांनी निवडतात. रुग्णालयांच्या सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा सक्तीचा आहे आणि गोव्यातच कुंडईला अशा कचऱ्याचा प्रक्रिया प्रकल्पही आहे. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराला सोसायटीने तसाच डबा द्यावा, अशी मागणी मी सर्वसाधारण सभेत केली, तेव्हा ‘कोणाला आजार आहे ते उघड होईल’ म्हणून ती फेटाळली गेली. मधुमेह झाकण्यासाठी दुसऱ्याच्या पोरीचा हात पणाला लावावा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. आपल्या इमारतीत हा विषय आपणच काढावा.

एवढे मात्र सांगायला हवे की रस्त्यावरच्या सुईतून एचआयव्ही होण्याचा संभव फार कमी असतो. हेपटायटिस बी अधिक चिवट, त्याचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस टिकू शकतो, म्हणून लस घेतलेली असावी. हातमोज्यांतून सुई आरपार जाते, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये, आणि मुलांना हे काम कधीही सांगू नये.