वाचक विचारतात : अभ्यासग्रंथ कोठून वाचावा?

प्रश्न : खेळ आणि लिंगभाव या विषयावरील एक अभ्यासग्रंथ हाती आला आहे. मी संशोधक नाही. वाचन कोठून सुरू करावे?

उत्तर : पहिल्या प्रकरणापासून नको, ते बहुधा सिद्धान्ताचे आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत रुक्ष असते. शेवटची सूची उघडून ‘लिंगचाचणी’, म्हणजे स्पर्धक स्त्रीच आहे का याची तपासणी, शोधावी. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्त्री खेळाडूंच्या गालाच्या आतील पेशी घेऊन गुणसूत्रांची तपासणी झाली आणि ही सरसकट चाचणी ऑलिंपिक समितीने १९९९मध्ये थांबवली. ती अपुरी का ठरली, हे लेखक शरीरशास्त्र आणि खेळाडूचा सन्मान अशा दोन्ही अंगांनी उलगडतो का, ते पाहावे. मग धावपटू द्युती चंद यांच्या प्रकरणाकडे वळावे. त्यांच्या अपिलावर खेळातील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१५मध्ये स्त्री खेळाडूंसाठीचा टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या मर्यादेचा नियम स्थगित केला होता. तेथील तळटीपा मात्र वगळू नयेत.